निधिसंकलन, यंत्रबुद्धी आणि आपला वर्गणीदार

(संस्थांचे चिटणीस, खजिनदार व पूर्णवेळ कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सेवाभावी संस्थांनी निधी जमविण्याच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरावीत काय, आणि वापरावयाची तर कोणत्या मर्यादेत, हा आजच्या बैठकीचा विषय आहे. काहींना तो आपल्या परंपरेला परका वाटेल. वसतिगृह चालविणाऱ्या, धरणग्रस्तांसाठी झटणाऱ्या अथवा असंघटित कामगारांना एकत्र आणणाऱ्या कार्यकर्त्याचा या यंत्रांशी काय संबंध, असे ते विचारतील. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांना खुले झाल्यापासून हा प्रश्न आपल्या कार्यालयात येऊन बसला आहे. एखादा तरुण सहकारी कंपनीला पाठवावयाचा अर्ज आपल्या मोबाइलवर यंत्राकडून लिहून घेतो, वार्षिक अहवालाचे इंग्रजी करून घेतो, देणगीदारांची यादी त्यात टाकून ‘कोणाला आधी फोन करू?’ असे विचारतो. कार्यकारिणीला याचा पत्ताही नसतो. ज्या विषयावर संस्थेने ठराव करावयास हवा, तो विषय अशा रीतीने चर्चेवाचून निकालात निघतो. म्हणून आज त्याची मोकळी चर्चा करू.

प्रथम आपली आर्थिक स्थिती पाहू. २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने आपल्याला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या गावातील लहान संस्थेला जो वाटा मिळत असे, तो या दुसऱ्या तरतुदीने बंद पडला. दुसरीकडे २०१३च्या कंपनी कायद्यातील १३५व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन आले. हा पैसा मोठा आहे. परंतु कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. साहजिकच जेथे कारखाने आहेत तेथे पैसा जातो. शिवाय तो मिळविण्यासाठी जो अर्ज करावा लागतो, तो बहुधा इंग्रजीत, ठरावीक तक्त्यांत आणि व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत. बीड अथवा नंदुरबार जिल्ह्यात वीस वर्षे काम केलेला कार्यकर्ता या अर्जापाशी अडखळतो आणि त्या भागात कधी पाऊल न टाकलेला, पण भाषा अवगत असलेला सल्लागार पुढे जातो. गुणवत्तेच्या नावाखाली चालणारा हा भाषेचा भेदभाव आहे.

या ठिकाणी यंत्राचा उपयोग होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मराठीत लिहिलेल्या कामाच्या टिपणावरून इंग्रजी अर्जाचा कच्चा मसुदा, तीन वर्षांच्या पावत्यांवरून गोषवारा, एकाच अहवालाची लांब आणि आखूड अशी दोन रूपे, कायद्यातील अवघड कलमाचा सोपा अर्थ, ही कामे ही साधने काही मिनिटांत करून देतात. ज्या संस्थेत चिटणीस हाच कारकून, हाच वाहनचालक आणि हाच वसतिगृहाचा रात्रीचा रखवालदार असतो, तेथे ही बचत क्षुल्लक नाही. टंकलेखन यंत्र आले तेव्हा आपण ते नाकारले नाही, चक्रमुद्रण यंत्रावर तर आपल्या कित्येक पत्रकांचा जन्म झाला. यंत्राला केवळ यंत्र म्हणून विरोध करण्याचे कारण नाही. त्यावर सत्ता कोणाची, त्याचा लाभ कोणाला आणि त्याची किंमत कोणी मोजावयाची, हे तीन प्रश्न मात्र विचारलेच पाहिजेत.

तत्पूर्वी निधिसंकलन म्हणजे काय, याविषयीची आपली परंपरा आठवू. १९२१च्या मार्चअखेरीस बेझवाडा येथे काँग्रेसच्या महासमितीने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प केला. त्याच बैठकीत एक कोटी सभासद नोंदविण्याचे आणि वीस लक्ष चरखे चालू करण्याचेही ठरले. सभासदत्वाची वर्गणी होती चार आणे. पैसा, माणूस आणि काम ही तीन उद्दिष्टे एकाच ठरावात होती, हे ध्यानात घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य जमविण्याची प्रथा त्यांनी पाडली. त्या मुठीमुळे गावातील प्रत्येक घर त्या शाळेचे धनी झाले. उद्या कोणी ती शाळा बंद पाडू पाहिले असते तर सारे गाव उभे राहिले असते. १९८०च्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग केले आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय होऊ लागली. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला कळत होते की, आपले पैसे कोणाच्या चुलीसाठी जात आहेत.

मोठी देणगी वाईट असते, असे मी म्हणत नाही. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपये दिले; विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले आणि हजारो स्त्रियांना पदवी मिळाली. परंतु त्या देणगीपूर्वी कर्वे दारोदार फिरून लहान रकमा जमवीत आले होते आणि त्या फिरण्यातून स्त्रीशिक्षणाचा विचार घरोघरी पोहोचला होता, हे विसरून चालणार नाही. मागणे हे आपल्याकडे प्रचाराचे आणि संघटनेचे काम होते. यंत्राविषयीचा निर्णय या कसोटीवर करावयाचा आहे.

आता धोके एकेक करून पाहू.

पहिला धोका सत्याचा. ही यंत्रे प्रचंड मजकुरावरून शिकून, आधीच्या शब्दांमागे कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधीत वाक्ये रचतात. त्यामुळे त्यांची भाषा सफाईदार असते, पण ती सफाई खरेपणाची हमी देत नाही. न घडलेली घटना, नसलेला अहवाल आणि कल्पित आकडा ही यंत्रे तितक्याच ठामपणे लिहितात. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इंग्रजीच्या तुलनेत मराठी मजकूर त्यांना फार थोडा मिळालेला आहे. त्यातही शेतमजुराची, तोडणी कामगाराची भाषा अगदीच थोडी. ऊसतोडणीच्या टोळीतील माणूस ‘उचल’ म्हणतो तेव्हा मुकादमाने हंगामापूर्वी दिलेल्या आणि त्याला वर्षभर बांधून ठेवणाऱ्या रकमेविषयी बोलत असतो. यंत्राने त्याचे भाषांतर नुसते ‘कर्ज’ असे केले तर त्यातील वेठ नाहीशी होते, ‘उचलणे’ असे केले तर अर्थच नाहीसा होतो. अर्जात गेलेली चूक यंत्राची म्हणून कोणी सोडून देणार नाही. सही चिटणिसाची असते. धर्मादाय आयुक्तांपुढे आणि लोकांपुढे उत्तर त्यालाच द्यावे लागते.

दुसरा धोका ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांच्या प्रतिष्ठेचा. निधीच्या आवाहनात दुःखाची कहाणी लागते, आणि यंत्र ती मागाल तितकी करुण करून देते. साखरशाळेतील मुलीने सांगितलेल्या चार साध्या वाक्यांत ते अश्रू घालील, भूक घालील, प्रसंगी आईचे आजारपणही घालील. ती मुलगी मोठी झाल्यावर आपली ही कहाणी वाचील, तेव्हा आपण तिला काय सांगणार? चित्रांचेही तेच. २०२३ साली ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ या मानवी हक्कांच्या प्रतिष्ठित संघटनेच्या नॉर्वेतील शाखेने कोलंबियातील २०२१च्या निदर्शनांवरील दडपशाही दाखविण्यासाठी यंत्राने बनविलेली चित्रे प्रसिद्ध केली. निदर्शकांची ओळख उघड होऊ नये, हा हेतू चांगला होता. परंतु त्या अत्याचारांची खरी छायाचित्रे जीव धोक्यात घालून टिपणारे छायाचित्रकार उपलब्ध असताना बनावट चित्रे वापरल्याबद्दल टीका झाली आणि संघटनेला ती मागे घ्यावी लागली. पोलिसी अत्याचार नाकारू पाहणाऱ्या सरकारच्या हाती याहून सोयीचे हत्यार कोणते द्यावयाचे? ‘तुमचे ते चित्र खोटे होते, मग हेही खोटे असेल’, एवढेच त्याला म्हणावयाचे असते. चळवळीचे खरे भांडवल विश्वासार्हता हेच आहे. ते एकदा गमावले की कोणत्याही देणगीने भरून येत नाही.

तिसरा धोका वर्गणीदाराच्या खाजगीपणाचा. देणगीदारांची यादी म्हणजे नावे, पत्ते, फोन, पॅन क्रमांक आणि कोणी कोणत्या कामाला किती दिले याची नोंद. आंतरजातीय विवाहितांना आधार देणाऱ्या अथवा एखाद्या आंदोलनाला मदत करणाऱ्या संस्थेच्या बाबतीत ही यादी चुकीच्या हातात पडणे म्हणजे माणसांवर संकट ओढवून घेणे होय. ‘ब्लॅकबॉड’ ही अमेरिकन कंपनी जगभरच्या संस्थांना देणगीदारांच्या नोंदी ठेवण्याची संगणकीय सोय पुरविते. २०२० साली तिच्यावर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला आणि १३ हजारांहून अधिक ग्राहक-संस्थांच्या नोंदी धोक्यात आल्या. २०२३ साली अमेरिकेतील ४९ राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपनीला ४ कोटी ९५ लक्ष डॉलर द्यावे लागले. संस्थांनी कंपनीवर विश्वास टाकला होता आणि देणगीदारांनी संस्थांवर. हल्ल्याचा फटका मात्र शेवटी देणगीदाराला बसला. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कायद्याचे राहू द्या. पावती फाडताना ज्याने विश्वासाने आपला पत्ता लिहून दिला, त्याला न विचारता तो परक्या कंपनीच्या यंत्रात ओतणे हेच मुळात अनैतिक आहे.

चौथा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ही साधने देणगीदारांची प्रतवारी लावून देतात. मागील देणग्या, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय यांवरून कोण किती देईल याचा अंदाज करून प्रत्येकाला गुण देतात. ब्रिटनमध्ये यंत्रबुद्धीचा आजचा बोलबाला होण्यापूर्वीच हे घडले होते. डिसेंबर २०१६ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी प्राणिमात्रांसाठी काम करणाऱ्या ‘आरएसपीसीए’ला २५ हजार पौंड आणि ‘ब्रिटिश हार्ट फाउंडेशन’ला १८ हजार पौंड दंड केला, कारण या संस्था देणगीदारांना न सांगता त्यांच्या सांपत्तिक स्थितीची छाननी करवून घेत होत्या.

समजा, आपल्या एखाद्या संस्थेचे ६०० वर्गणीदार आहेत. त्यांतील ५० जण वर्षाला प्रत्येकी १० हजार रुपये देतात, म्हणजे पाच लाख. उरलेले ५५० जण प्रत्येकी २०० रुपये देतात, म्हणजे एक लाख दहा हजार. यंत्राला विचारा, ते सांगेल की, पन्नासांवर सारे लक्ष द्या, साडेपाचशेंमागे फिरण्यात वेळ आणि पेट्रोल घालवू नका. हिशेब बिनचूक आहे. पण उद्या वसतिगृहाची जागा बळकावण्याचा डाव झाला, तर कचेरीवरील मोर्चात कोण येणार? सर्वसाधारण सभेत उभे राहून खजिनदाराला जाब कोण विचारणार? हमाल, रिक्षाचालक, अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक यांच्या दोनशे रुपयांत संस्थेवरील त्यांचा हक्क असतो. यंत्राच्या तक्त्यात त्या हक्कासाठी रकाना नाही. एकदा ही प्रतवारी मान्य केली की, पाचदहा वर्षांत आपण पन्नास सधन माणसांच्या मर्जीने चालणारी संस्था होऊन बसतो. हे कोणी ठरवून केलेले नसते, ते सोयीसोयीने घडत जाते.

पाचवा प्रश्न श्रमाचा. प्रशासकीय खर्चावर मर्यादा आली की, पहिली कुऱ्हाड कार्यालयातील कमी पगाराच्या माणसावर पडते आणि ‘यंत्र आहेच’ हे निमित्त मिळते. अमेरिकेतील ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ या संस्थेच्या मदत-दूरध्वनीवरील कर्मचाऱ्यांनी २०२३ साली संघटना स्थापन केली. पाठोपाठ तो दूरध्वनीच बंद करण्याचे जाहीर झाले. वाढता भार आणि कायदेशीर जबाबदारी हे कारण संस्थेने दिले. लोकांना ज्या ‘टेसा’ नामक संवादयंत्राकडे वळवावयाचे होते, ते खाण्याच्या विकारांनी त्रस्त झालेल्यांनाच वजन घटविण्याचे सल्ले देत असल्याची तक्रार आली आणि संस्थेला तेही मागे घ्यावे लागले. या यंत्रांच्या पोटातही मानवी श्रमच आहेत. त्यांना अभद्र मजकूर ओळखावयास शिकविण्यासाठी तसला मजकूर दिवसभर वाचून त्यावर खुणा करणाऱ्या केनियातील कामगारांना तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी मजुरी मिळत होती, हे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आणले. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या आपण हे यंत्र आपोआप चालते, असे समजून वापरू नये.

मग करावे काय? बहिष्कार हा एक मार्ग आहे, परंतु त्याची किंमत कोण देईल ते पाहा. मोठ्या शहरांतील मोठ्या संस्था ही साधने वापरीतच राहतील. मागे पडेल ती तालुक्याची, मराठीतून काम करणारी संस्था. दुसरा मार्ग शरणागतीचा, त्याचे परिणाम मी आताच सांगितले. तिसरा मार्ग सामुदायिक शिस्तीचा आहे. आपल्या विचारासाठी मी पुढील सूचना मांडतो.

एक, यंत्राचा वापर कोणत्या कामासाठी करावयाचा, याचा लेखी ठराव कार्यकारिणीने करावा. मसुदे, भाषांतरे, गोषवारे, हिशेबांची जुळणी यांना मोकळीक असावी. बाहेर जाणारा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक विधान मूळ कागदाशी ताडून पाहण्याची जबाबदारी एका नावानिशी व्यक्तीवर असावी.

दोन, देणगीदारांची आणि लाभार्थींची नावे, पत्ते, क्रमांक व छायाचित्रे बाहेरच्या यंत्रात घालू नयेत. गोषवारा हवा असेल तर नावे काढून आकडेच द्यावेत.

तीन, माणसाची कहाणी ज्याची त्याला वाचून दाखवावी आणि त्याच्या संमतीनेच छापावी. तीत यंत्राने भर घालू नये. यंत्राने बनविलेले माणसांचे चित्र आवाहनात वापरूच नये.

चार, वर्गणीदारांची प्रतवारी करू नये. लहान वर्गणीदाराकडे वर्षातून एकदा तरी माणूस गेला पाहिजे. यंत्रामुळे कागदी कामातील जे तास वाचतील, ते या फिरण्यासाठी द्यावेत. माझ्या मते ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. वाचलेल्या वेळाचे आपण काय करतो, यावर या यंत्रांचा आपल्याला झालेला लाभ मोजला जाईल.

पाच, यंत्राच्या निमित्ताने कोणाचीही नोकरी जाऊ नये. कार्यालयातील सहकाऱ्याला हे साधन शिकवावे आणि त्याचे काम हलके करावे.

सहा, जेथे शक्य असेल तेथे सार्वजनिक आणि खुली साधने वापरावीत. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांतराची योजना २०२२ पासून चालू आहे. मद्रासच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२३ मध्ये अनुसूचीतील २२ही भारतीय भाषांचे भाषांतर करणारी प्रणाली सर्वांना खुली केली. त्यांत मराठी आहे आणि कोकणीही आहे. लोकांच्या पैशाने आणि खुल्या संशोधनाने उभी राहिलेली ही साधने दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला पर्याय देऊ शकतात. ती सुधारावीत, यासाठी आपला आवाज उठला पाहिजे.

या सहा सूचनांबरोबरच एक मागणीही करू. यंत्राच्या साहाय्याने आपण इंग्रजी अर्जाची भिंत ओलांडू, पण ती भिंत तशीच उभी राहील. आज अर्ज यंत्राने लिहिले जाऊ लागले आहेत, उद्या देणारेही ते यंत्रानेच चाळू लागले तर गाव, वसतिगृह आणि माणूस या दोहोंच्या मधून नाहीसे होतील. म्हणून महाराष्ट्रात पैसा खर्च करणाऱ्या कंपन्यांनी आणि विश्वस्त संस्थांनी मराठीतील अर्ज स्वीकारले पाहिजेत आणि निर्णयापूर्वी कामाच्या ठिकाणी येऊन पाहिले पाहिजे, अशी मागणी आपण सर्व संस्थांनी मिळून केली पाहिजे. एकट्या संस्थेला ती करण्याचे धैर्य होणार नाही, कारण पैशाची गरज तिला गप्प बसविते. शंभर संस्थांनी एकत्र सही केली तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे कठीण जाईल.

मित्रहो, आपापल्या संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवा. खजिनदाराने नुसते जमाखर्चाचे पत्रक न वाचता, यंदा किती वर्गणीदारांच्या घरी आपले कार्यकर्ते जाऊन आले तो आकडाही वाचून दाखवावा. जमेची रक्कम वाढली आणि तो आकडा घटला, तर संस्था वाढली असे कोणी म्हणू नये.